दारातला उजेड

मंगळवार, दिवेलागणीला, डिलाईल रोड

माझी रोजनिशी नात लिहिते, सई. मी सांगेन तेच लिहायचं, शहाणपणा नको. या आमच्या सईबाई कॉलेजात ताऱ्याचं वजन काढतात. दिसतो एक ठिपका, ही म्हणते दोन अवाढव्य तारे आहेत. एक दुसऱ्याला झाकतो, उजेड घटतो, त्यावरून आकार. एकमेकांभोवती फिरण्याच्या वेगावरून वजन. तराजू कुठाय गं?

"आजी, तूपण पडल्यापडल्या ओळखतेस ना, दारावरून कोण गेलं ते?"

ओळखते. चाळीत दार उघडंच. उजेड किती अडला त्यावरून कळतं, शेजारची मालू परत जाड झाली. पण वजन? डोक्यात शिरेना.

पुढल्या महिन्यात चाळ सोडून टॉवरमध्ये राहायला जायचं. तिथे दारं बंद. मग उजेड कोण अडवणार, मला माणसं कशी कळणार?

लिही की. थांबलीस कशाला?