सुकेशनीची हार्डडिस्क आणि माझी सुट्टी

३ फेब्रुवारी, सकाळ
आठवड्याची सुट्टी. ठराव: गावासाठी काहीतरी करून जायचं. विहारातल्या अभ्यासिकेचा कॉम्प्युटर फार स्लो. चाकणच्या रूम पार्टनरने पेनड्राइव्हवर लिनक्स दिलंय, फुकट. अभ्यासिका सांभाळणारे देवमनकाका म्हणे, बाबू, तुले येते का हे? म्हटलं, कंपनीत दिवसभर हेच करतो. (खोक्यांचे बारकोड स्कॅन करतो. लाइन एकच.)

संध्याकाळ
विंडोज काढली, लिनक्स टाकलं. सुसाट. काकांनी चहा पाजला. नववीत शाळा सोडली ते बरंच झालं. नाहीतर एवढं शिकलो नसतो.

४ फेब्रुवारी
बहीण सुकेशनी तिची यूएसबीची हार्डडिस्क घेऊन आली. त्यात पोलीस भरतीचे सगळे लेक्चर. वर्षभर रेंज शोधत एकेक उतरवलेले, दुसरीकडे कुठंच नाहीत. लेखी परीक्षा पुढच्या आठवड्यात. डिस्क लावली, फोल्डर उघडलं, चक्र फिरलं, स्क्रीन गोठली. काहीतरी चौकट आली, खाली दोन बटणं: फोर्स क्विट आणि वेट. फोर्स क्विट दाबून डिस्क उपटली. परत लावली. परत तेच. सुकेशनी म्हणे, काय झालं? म्हटलं, अपडेट.

५ फेब्रुवारी
शाळेमागच्या मैदानावर सुकेशनीची गोळाफेक पाहिली. गोळा पडतो तिथं जमिनीत वाटीएवढा खड्डा. मैदानावरून थेट अभ्यासिकेत गेलो. डिस्क लावली. गोठली. उपटली.
नेटवर लिहिलंय, केबल बदला. जीपने शेलूबाजारला जाऊन नवी आणली. फरक पडला. डिस्कचा दिवा आता जास्त लुकलुकतो. म्हणजे डिस्क जिवंत आहे. किंवा तडफडते आहे.

६ फेब्रुवारी
नेटवरून एक कमांड टाकली. पासवर्ड मागितला. टाइप करतो तर अक्षरच उमटेना. कीबोर्डही गेला वाटतं.
देवमनकाका म्हणे, बाबू, विंडोज वापस बसते का? म्हटलं, बसते, पण मागं जाणं बरोबर नाही.
रात्री जेवण गेलं नाही. माय म्हणे, काहून जेवत नाही रे? सुकेशनी म्हणे, दादा, लेक्चर उडाले असतील तं सांगून दे, मी काई करत नाई. हे बोलताना कांदा फोडत होती. एका बुक्कीत.
ठराव: उद्या सगळं सांगायचं.

७ फेब्रुवारी
सांगायला वेळच मिळाला नाही. सकाळी ती पळायला गेली होती. दुपारी हरभरा सोंगायला. संध्याकाळी घरी होती, म्हणून मी बाहेर गेलो.
 

८ फेब्रुवारी, सकाळ, बसमध्ये
मायला सांगितलं, कंपनीतून अर्जंट फोन आला. (आला नाही. येऊ शकतो.) बॅग सुकेशनीने थांब्यापर्यंत आणली, करंगळीला अडकवून. बस हलली तेव्हा मी खिडकीतून सगळं सांगून टाकलं: डिस्क गेली, माझ्यामुळं गेली, माफ कर. मन हलकं झालं. काच बंद होती, हा भाग वेगळा. ती हात हलवत राहिली.

दुपार, मेहकर स्टँड
सुकेशनीचा फोन. उचलला नाही. परत आला. उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, फोन कानापासून जरा लांब धरून.
म्हणे, दादा, डिस्क चालू झाली. तिनं अभ्यासिकेत जाऊन लावली, चौकट आली, तिनं वेट दाबलं आणि भांडे घासायला घरी गेली. परत येऊन पाहते तर सगळे लेक्चर ओळीनं. म्हणे, एवढाले व्हिडिओ हायेत, उघडाले टाइम लागन नाई का? तू कितीक वेळ थांबत होता? म्हटलं, लय. म्हणे, लय म्हणजे? म्हटलं, इथं रेंज नाही.
म्हणे, अन् पळाला कायले? मी काय तुले मारून राह्यली होती? म्हटलं, कंपनीचं अर्जंट काम. म्हणे, बरं, जाय मंग.
पार्टनरला फोन केला. तोही गावी गेलाय. रूमची किल्ली त्याच्याकडं. सोमवारशिवाय येत नाही.

समोर कारंजाची गाडी लागली आहे. शेलूबाजारवरूनच जाते. सुकेशनीला मेसेज टाकला: अर्जंट काम कॅन्सल झालं.
तिचा लगेच रिप्लाय: ये. माय भाकरी टाकून राह्यली. डिस्कले हात लावाचा नाई.