वायपर शुक्रवारी बदलू!

२६ डिसेंबर २०११, सोमवार

गाडीचे वायपर गेले! राजधानीहून, आपियाहून येताना जोराची सर आली आणि काच पुसायच्या ऐवजी नुसती खरडली गेली. उतरून बघते तर रबराच्या चिंध्या — उन्हाने पार करपलेलं. खिडकीबाहेर डोकं काढून कशीबशी घरी पोचले. केसांचा खराटा झाला.

आणि शनिवारी तिरेसा येतेय! माझी लेक सहा वर्षांनी ऑकलंडहून घरी येतेय. फोनवर एकच हट्ट — "आई, मला न्यायला बाबाच हवेत. गाडी बाबा चालवणार."

बाबा! सेमिसीने दोन वर्षांत स्टिअरिंगला हात लावलेला नाही. एकतीस वर्षं या बेटावर स्वतःची लाकडी बस पळवली. मग सरकारने फर्मान काढलं, आता सगळ्यांनी रस्त्याच्या उजवीकडून नाही, डावीकडून चालवायचं. बसचं दार उजव्या अंगाला. ते बंद करून डावीकडे फोडायचं त्याच्या जिवावर आलं. बस विकून मोकळा झाला. तिरेसाने ही गाडी पाठवली, तीही मीच चालवते. तो शेजारी बसून चुका काढतो.

२७ डिसेंबर

पट्ट्या आणल्या. एक लांब, एक आखूड. दुकानदार म्हणाला, "सेमिसीला दे. डोळे मिटून बसवेल तो."

सेमिसी कोको पीत बसला होता. म्हटलं, या पट्ट्या बसव, आणि मग गाडी जरा गावातून फिरवून आण. शनिवारी विमानतळावर जायचंय. मला वाटलं, नेहमीसारखा गुरगुरणार. तर म्हणतो कसा — "शुक्रवारी! वायपर शुक्रवारी बदलतो, आणि गाडीही शुक्रवारी चालवतो. शब्द माझा!"

शब्द दिला! मी खुशीत आणखी एक कप कोको दिला. वर साखरही जास्त घातली.

२८ डिसेंबर

सेमिसी दिवसभर शीळ घालतोय. तेव्हाच संशय यायला हवा होता म्हणा!

२९ डिसेंबर, गुरुवार

शेजारच्या वालासीला ऐटीत सांगायला गेले — उद्या माझा नवरा गाडी चालवणार! ती हसत हसत चटईवर आडवी झाली. "उद्या? अगं बाई, उद्या शुक्रवार आहे कुठे!"

शुक्रवार नाहीच! सरकार एक दिवस गाळतंय. आज रात्री बारा वाजता गुरुवार संपला की थेट शनिवार — म्हणजे आपली तारीख न्यूझीलंडच्या तारखेशी जुळेल. महिनाभर रेडिओ कानीकपाळी ओरडतोय. पाद्रीबाबा दर रविवारी सांगतात. आणि मी लेक येणार म्हणून इतकी हुरळले की तीस तारीखच डोक्यातून गेली!

लबाड म्हातारा! नसलेल्या दिवसाचं वचन देतो! खराटा घेऊन अंगणभर त्याच्यामागे धावले. तो पुढे पळतोय, हसून हसून धाप लागलेली — "शब्द मोडला का मी? सांग ना! तू शुक्रवार आण, मी चालवतो!"

मलाही हसू आवरेना. पण मग बसल्या बसल्या वाईट वाटलं. लेकीला काय सांगू?

३१ डिसेंबर, शनिवार

मधलं पान कोरं. चुकल्यासारखं वाटतं.

सकाळपासून पाऊस. विमान चारला. म्हटलं, राहू दे तुझं वचन, पट्ट्या तरी बसव. मुकाट्याने उठला. पावसाने उसंत दिली तसा वायपरचा दांडा उभा केला. मी काचेवर जुना लावालावा घडी करून टाकला — कमरेचं फडकं फाटलं तरी चालेल, पण दांडा सटकून आपटला तर काच जाते. त्याने खटका दाबला, जुनी पट्टी खाली ओढली, नवी आकड्यात सरकवली. टक्! दुसरी. टक्! दोन मिनिटांत काम फत्ते.

मी आत बसून वायपर लावले. दोन्ही पट्ट्या मधोमध एकमेकींवर आपटल्या आणि अडकल्या — एकाच माशासाठी भांडणाऱ्या बायकांसारख्या! लांब पट्टी त्याने डावीकडे लावली होती. लांब पट्टी असते चालवणाऱ्याच्या समोर, म्हणजे या गाडीत उजवीकडे. आणि त्याच्या हातांच्या लेखी चालवणारा अजून डावीकडेच, बसमध्ये बसायचा तिथे. मी पोट धरून हसले.

तो हसला नाही. पायरीवर जाऊन बसला. "बघितलंस? म्हणून चालवत नाही. हट्ट नाही गं, लोसा. भीती वाटते. एखाद्या वळणावर हे हात गाडी जुन्या बाजूला नेतील. आणि मागे तिरेसा बसलेली असेल."

दोन वर्षं मी याला हट्टी म्हणतेय! फार फार लाज वाटली. शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "मी असेन ना डावीकडे. खराटा मांडीवर घेऊनच बसते. तू उजवीकडे सरकलास की हाणलाच!"

तो उठला, पट्ट्या काढल्या, अदलाबदल करून बसवल्या. या वेळी काच लख्ख!

अळूच्या पानांचं पालुसामी झाकून ठेवलंय. नारळाचं दूध दाट पडलंय, तिरेसाला तसंच आवडतं. निघायची वेळ झाली आणि गाडीची किल्ली सापडत नाही. आत्ता तर टेबलावर होती.

३० डिसेंबर, शुक्रवार

हे पान कोरं होतं. शनिवारचं इथे लिहिते, कारण शब्द शुक्रवारचा होता.

सेमिसीने गाडी चालवली! जाताना आणि येताना, भर पावसात. मागे तिरेसा रडत होती, तर म्हणतो, "पोरी, डोळे पूस. तिथे वायपर नाहीत."

खराटा एकदाच उचलावा लागला.