एकतिसावी चाल

शुक्रवार, २ जानेवारी

आले एकदाची लातूरला. खोली वरच्या मजल्यावर आहे, गच्चीला लागून, सकाळपासून ऊन येतं. आईनं बांधून दिलेले धपाटे दोन्ही वेळेला खाल्ले, अजून उरलेत. दवाखाना चालत जाण्याइतका जवळ आहे. मालक डॉक्टर सुदर्शन सर कमी बोलतात, पण खुर्ची, दिवे, हत्यारं सगळं नवं ठेवलंय. पहिलीच पेशंट औशाची एक आजी. किडलेली दाढ काढून ट्रेमध्ये ठेवली तरी विचारत होती, कवा काढणार म्हणून. सर म्हणाले, हात हलका आहे तुमचा. दिवसभर तेच वाक्य डोक्यात घेऊन फिरले. देगलूरच्या आधीच्या दवाखान्यात असं कुणी म्हणत नव्हतं.

संध्याकाळी बुद्धिबळाचा पट काढून टेबलावर मांडला. पुढच्या रविवारी इथं खुली स्पर्धा आहे. नाव दिलं.

रविवार, ११ जानेवारी

हरले. जिंकलेला डाव हरले.

शेवटच्या फेरीत समोर रेणापूरचे उमाशंकर काका होते, निवृत्त चित्रकला शिक्षक. लकव्यानं उजवा हात गेलेला, मफलरमध्ये गुंडाळून मांडीवर ठेवलेला. डाव्या हातानं खेळत होते. माझी पांढरी मोहरी, एक उंट जास्त. एकतिसावी चाल. हत्ती सातव्या ओळीत नेला की काळ्या राजाला पळायला जागाच नव्हती. दोनदा तपासलं, हात पुढं केला आणि वजीर उचलला. हात लावलेलं मोहरं हलवावंच लागतं. तरी वजिराला जायला चांगली घरं होती. मी तो थेट त्यांच्या घोड्याच्या तोंडी ठेवला.

काका म्हणाले, “व्हतं असं बी, डॉक्टरीणबाई.” आणि हसले. त्या हसण्याचा इतका राग आला की नमस्कारही न करता उठले. पंचांनी विचारलं, बरं वाटत नाही का. त्यांच्यावरही भडकले.

सोमवार, १२ जानेवारी

हरलेला डाव परत मांडायचा आणि चूक सापडेपर्यंत उठायचं नाही, ही माझी सवय. दवाखान्यातून आले आणि चहासुद्धा न घेता बसले. एकतिसाव्या चालीपर्यंत आले. मनाशी म्हटलं, हत्ती. हात वजिरावर गेला.

हसू आलं. परत मांडलं. परत वजीर.

मग डाव्या हातानं खेळून पाहिलं. हत्ती उचलला, सातव्या ओळीत ठेवला, काही अडचण नाही. उजव्या हातानं – वजीर. घोड्याच्या तोंडी. पट भिंतीवर फेकला. एक प्यादं कपाटाखाली गेलं, ते काढायलाही वाकले नाही.

मंगळवार, १३ जानेवारी

आज सगळा डाव कॉम्प्युटरवर घातला. पहिल्या अठरा चाली स्वच्छ. एकोणिसावीपासून दर दोन-तीन चालींमागे एक भुसकट चाल. चाली लिहिलेल्या कागदावर अक्षर माझंच आहे. पण त्यातली एकही मी ठरवलेली नव्हती. मी दुसरंच काही ठरवलं होतं आणि ते मला अजून आठवतंय.

अठराव्या चालीनंतर काय झालं, तेही आठवलं. त्यांनी माझं प्यादं मारलं, ते टेबलावरून खाली पडलं, मी उचललं. त्यांनी मफलर बाजूला केला. म्हणाले, ह्याच हातात द्या, जरा सवय लागू द्या त्याला. दया आली मला. त्या गार तळव्यावर प्यादं ठेवलं आणि त्यांची बोटं मीच एकेक करून मिटवली.

गुरुवार, १५ जानेवारी

दवाखान्यात व्हायचं ते झालं. कॉलेजची मुलगी, वरच्या दाताला छोटीशी कीड. ड्रिल चालू होतं. मी थांबवलं – म्हणजे थांबवायचं ठरवलं. हात पुढं गेला. डाव्या हातानं मनगट धरून मागं ओढला तेव्हा तिच्या ओठातून रक्त येत होतं. रुमाल ओठाला लावून ती खुर्चीवरून उतरली.

सर म्हणाले, थोडे दिवस घरी बसा. मज्जातंतूंच्या डॉक्टरला दाखवलं. सगळं व्यवस्थित आहे म्हणाले. व्यवस्थित!

शनिवार, १७ जानेवारी

डाव्या हातानं लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं.

रेणापूरला गेले. उमाशंकर काका शेतात आगटीजवळ बसले होते. भाजलेली कणसं चोळून हुरडा काढत होते. उजव्या हातानं. त्यांची बायको साखराबाई कौतुकानं सांगायला लागली की त्या रविवारी लातूरहून येतानाच हात हलायला लागला, देवानंच ऐकलं.

मी सगळ्या शेताला ऐकू जाईल असं बोलले. चोर म्हटलं. साखराबाई उठून गेली. काका शांतपणे चोळत राहिले.

म्हणाले, “मी काय चोरलं न्हाई, पोरी. तू सोताच्या हातानं दिलंस.”

मी विचारलं, हे काय आहे.

“म्हाईत न्हाई. मलाबी एकानं असंच गाठलं. आधी हात ऐकत न्हाई. मग मरतो. मग कुणीतरी त्या हातात काही ठिवलं, मूठ मिटवली, की सुटका. लई वाट बघितली मी.”

माझाच हात का, म्हणून ओरडले.

“तू दया केलीस. दुसरं कुणी हात लावंना.”

डाव्या हातानं त्यांच्या तोंडात मारली. त्याचा पश्चात्ताप नाही.

सोमवार, १९ जानेवारी

बोटं गार पडताहेत. टाचणी टोचली, कळलं नाही. हात ओढणीनं पोटाशी बांधून ठेवलाय. घरमालकीण दुधाची पिशवी त्या बांधलेल्या हाताकडंच पुढं करत होती – ओरडले तिच्यावर. बिचारी घाबरून खाली गेली.

कुणालाही देणार नाही. मी काय त्या म्हाताऱ्यासारखी आहे? मरू दे माझ्या अंगावरच.

पण दाढा काढायच्या होत्या मला. हातच हवा होता मला, दुसरं काय मागितलं होतं –

मंगळवार, २० जानेवारी

आई आली. सरांनी फोन केला म्हणे. कुणी सांगितलं होतं त्यांना! तिला सगळं सांगितलं. म्हणाली, ज्ञाने, दृष्ट लागली तुला. तू जेवली न्हाईस चार दिवस.

हाताला शिवायचं नाही म्हणून शपथ घातली. हाव म्हणाली, म्हणजे हो. ती कशालाही हाव म्हणते.

बुधवार, २१ जानेवारी

हात काळानिळा. मेला बहुतेक.

त्या म्हाताऱ्याचा हुरडा खाणारा हात डोळ्यापुढून जात नाही. तोडून आणावासा –

गुरुवार, २२ जानेवारी

दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर ओढणी सोडलेली. आई उशाशी. माझ्या तळव्यावर अंगाऱ्याची पुडी, आणि ती माझी बोटं मिटवत होती, एकेक –

मी नाही म्हणाले. ओरडले. उशीर झाला होता. मी दिलं नाही. तिनंच स्वतःच्या हातानं –

हे मी काय लिहितेय. हेच तर तो म्हणाला.

पेन उजव्या हातात आहे. अक्षर सरळ. बोटं गरम. मी तिला सांगितलं, आई, माझ्या हातात परत काहीतरी ठेव, नाही, तुझ्या हातात मी ठेवते, दे इकडं हात – तर म्हणाली, बरी झालीस की, आता आधी जेव. खोलीच्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात जाऊन बसली. विळीवर भेंडी चिरतेय.

आई, ऊठ तिथनं. आई.

हसतेय. म्हणतेय, ज्ञाने, बघ गं, हा हात माझं ऐक