गाठ नसलेलं रीळ

१४ मार्च
वसतिगृह, खोली तीच

प्रिय आजी,

नमस्कार. आबांनाही सांग, पण हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस. कारण पुढे येईल.

मी मजेत आहे. जेवण बेताचं, झोप भरपूर. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष संपत आलं. रसायनशास्त्राचे पेपर बरे जातील, प्रात्यक्षिकही होईल. तुझे गुडघे काय म्हणतात?

आता एक चौकशी. आबांच्या शिलाईच्या दुकानातल्या रिळांना तू सुतळी ओवून गाठी का मारायचीस? लाल रिळाला एक, हिरव्याला दोन, तपकिरीला तीन. लहानपणी विचारलं की म्हणायचीस, "मेली सवय आहे." मामा म्हणायचा, उंदरांना रंग कळावेत म्हणून. मी बरीच वर्षं ते खरं धरून चाललो होतो.

विचारतोय का, तर आमच्याकडे एक प्रयोग असतो. काचेच्या उभ्या नळीतून खालच्या चंबूतल्या आम्लात अल्कली थेंबथेंब सोडायची. चंबूत आधीच एक द्रव घातलेला असतो, आम्ल संपलं की तो पाणी फिकट गुलाबी करतो. ज्या थेंबाला गुलाबी दिसलं, तिथे तोटी बंद. आजवर आम्ही हे जोडीने करत होतो. तोटी माझ्या हातात आणि "थांब" म्हणायचं काम माझ्या जोडीदाराचं. त्याला सगळे घुबड म्हणतात. मला वाटायचं, त्याची नजरच तेज आहे.

गेल्या आठवड्यात मॅडमनी तालीम म्हणून प्रत्येकाला एकटं उभं केलं. मी सोडतोय, सोडतोय, पाणी आपलं पाण्यासारखंच. मॅडम मागून म्हणाल्या, "अरे, कधीचं गुलाबी झालंय. लक्ष कुठंय तुझं?" लक्ष तिथंच होतं, आजी. डोळे फाडून बघत होतो.

मग चैन पडेना. रंगीत खडू आणले आणि खोलीत स्वतःवरच प्रयोग सुरू केले. हिरवा आणि तपकिरी खडू मला सख्खे भाऊ वाटतात. फिकट गुलाबी पांढऱ्यापासून ओळखायचा तर खिडकीशी जावं लागतं. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, आधी गंमतच वाटली. इतकी वर्षं मी वेगळंच जग बघतोय आणि कुणाला पत्ता नाही, मलासुद्धा. ग्रंथालयात वाचलं, की हे बहुतेक वेळा आईच्या वडिलांकडून नातवाकडे येतं. आईला स्वतःला काही होत नाही, ती नुसती पोस्टमन. तेव्हा मला तुझ्या गाठी आठवल्या. आणि आई नेहमी सांगते ती, तिच्या लहानपणीच्या हिरव्या फ्रॉकला आबांनी तपकिरी दोऱ्याने घातलेली टीप, जिला तू सगळ्यांसमोर नवी फॅशन म्हणालीस.

आबांनाही हे रंग वेगळे दिसत नाहीत ना गं? आणि तुला हे ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक आहे का?

प्रात्यक्षिक होईल असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. परीक्षेत प्रत्येकाने एकट्याने करायचंय. घुबड मागच्या टेबलावर असेल, रंग आला की तो खोकणार, असं ठरलंय. प्रयोगशाळेच्या कपाटात एक यंत्र आहे, ते रंगाऐवजी आकडा दाखवतं. पण मागायचं तर कारण सांगावं लागेल, आणि मॅडम म्हणाल्या, "मग रसायनशास्त्रात करतोस काय?" तर? मला इथंच राहायचंय, आजी. हा विषय मला फार आवडतो.

तुझा
अर्धवट रंगीत नातू


२० मार्च

खोकल्यावर पास होऊ पाहणाऱ्या माझ्या नातवा,

आशीर्वाद. गुडघे आहेत तसेच आहेत.

तुझं पत्र आबांनीच फोडलं. मी बाजारातून आले तर चष्मा लावून दुसऱ्यांदा वाचत बसलेले. ते उठले, रिळांचा डबा आणला, दोन गाठींचं रीळ माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "हे हिरवं. तू पहिली गाठ मारलीस तेव्हाच कळलं होतं मला."

मी म्हटलं, "अहो, मग बोलला का नाहीत?"

"तू माझी लाज राखत होतीस. म्हटलं, राखू दे."

हसू आलं, मग रडूही आलं. मी आपली उगाच चोरून गाठी मारत होते. त्यांनी तुला एक लिहायला सांगितलंय. मी आजारी पडले की ते दुकान बंद ठेवायचे, आणि लोक म्हणायचे, बायकोवर केवढा जीव. "जीव होताच," म्हणाले, "पण गिऱ्हाईक हिरवं कापड घेऊन येईल याची धास्ती जास्त." एकाच दुकानात समोरासमोर बसून आम्ही एकमेकांपासून लपत राहिलो रे.

आमचं निभलं, कारण दुकान घरचं होतं. तुझं घुबड त्या दिवशी आलंच नाही तर? आणि त्याला खरोखरचा खोकला झाला तर?

सोबत एक रीळ पाठवतेय. याला मुद्दाम गाठ मारलेली नाही. रंग कोणता ते तुझ्या मॅडमना विचार. घुबडाला विचारायचं नाही.

तुझी
आजी

ता.क. खालची सही आबांची. हिरवं पेन कोणतं, हे आज त्यांनी मला विचारलं.