बागेबाहेर घालवण्याआधी

पप्पा, हे पत्र मी नऊ वर्षं टाळलं. कधी पेन नव्हतं, कधी कागद, आणि खरं म्हणजे धीर नव्हता. आत्ता शिवाजीनगरात, आपल्या दुकानासमोरच्या टपरीवर बसून कुणीतरी हातात कोंबलेल्या जाहिरातीमागे लिहितोय. समोर अक्का, तुमची थोरली, तुमच्या मशीनवर बसलीय. तीन दिवस मी रोज येतो आणि रस्ता ओलांडत नाही. टपरीवाला कानडी मिसळून स्वल्प सरक, थोडं सरक, म्हणाला, सरकलो. तेवढाच प्रवास.

लहानपणीचा एक रविवार डोळ्यांपुढे येतो: चर्चमागच्या खोलीत तुम्ही आम्हा पोरांना शास्त्रातली गोष्ट सांगताय. तिथला पंखा आठवतो, कसा लंगडल्यासारखा फिरायचा. असो. पहिल्या माणसानं आणि पहिल्या बाईनं देवाचं ऐकलं नाही, नको म्हटलेलं फळ खाल्लं. मग शिक्षा: घाम, काटे, बाळंतपणाच्या कळा आणि शेवटी माती. बाकीचे शिक्षक तिथंच थांबून डोळे वटारायचे. तुम्ही शिंपी, तुम्ही पुढच्या ओळीवर बोट ठेवलंत. बागेबाहेर घालवण्याआधी देवानं त्या दोघांना चामड्याचे कपडे करून घातले. मी विचारलं, माप कुणी घेतलं? सगळे हसले, तुम्हीही. ज्यानं हाडं बसवली त्याला टेप कशाला, म्हणालात. मग आवाज खाली आला. "पण चामडं कुठून आलं ते विचार. एक जनावर मेलं. न ऐकणारा एक, भोगणारा दुसराच."

मी सतराचा असताना तुम्ही म्हणालात, जाऊ नको, आई गेल्यापासून घरात तिघंच आहोत. मी निघालो, दूर डोंगरात. बस सुटताना तुम्ही आलात, हातात जॅकेट, गिऱ्हाइकाच्या सुटातून उरलेल्या कापडाचं, आत जाड अस्तर. "माझं म्हणणं बदललेलं नाही," तुम्ही म्हणालात. "तिकडे थंडी असते." वर्षभरातच तुम्ही आजारी पडलात. अक्का फोन करत राहिली. मी डोंगरात, जिथं फोन लागत नाही. पोचलो तेव्हा कबरीवरची माती वाळली होती. अक्का कबरस्तानाच्या फाटकात उभी होती. "दाराकडे बघत गेले ते. आता त्या दारात येऊ नकोस." तुमचं दुखणं तिनं एकटीनं काढलं होतं.

पुढं एकदा बर्फात जॅकेटची बाही उसवली. आत बोट घातलं तर तुमचे टाके, इतके बारीक की बोटाला एकेक वेगळा लागेना. मी तिथंच बसलो. पप्पा, ज्यानं डोंगर उभे केले तो दोन अपराध्यांसाठी शिवायला बसतो. शिक्षेतला एक शब्द मागे घेत नाही, फाटक लावायचं ते लावतोच, पण त्याआधी त्यांच्या अंगावर आपल्या हातचं काहीतरी घालतो. हे माझ्या डोक्यात अजून मावत नाही. भीतीही वाटते आणि त्याच्याच जवळ जावंसंही वाटतं.

हा कागद कुठं टाकणार, अस्तरातच ठेवीन. एक कबूल करतो. तुम्ही हात हलवून निरोप दिलात असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मी बसमधून वळून पाहिलंच नव्हतं.

थांबा, समोरची मशीन थांबलीय. अक्का रस्ता ओलांडून आलीय, माझ्या पुढ्यात उभी आहे. उसवलेली बाही दोन बोटांत धरून टाका कुठून सुटला ते बघतेय.