खिडकीच्या कोपऱ्याचा कागद

अण्णा,

आज स्वयंपाकघरातल्या खिडकीला पट्ट्या बसवल्या. तुम्ही मिस्त्री, सगळ्या नवीन जालन्यात लोकांच्या घरी टाइल्स बसवत फिरलात आणि आपल्याच खिडकीभोवतीची टाइल्सची धारदार कड उघडी राहिली. तुम्हाला जाऊनही आता अकरा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात खिडकीतली बरणी काढताना त्या कडेनं आईचं मनगट चिरलं. तिला साखरेचा त्रास, जखम लवकर भरत नाही. दुसऱ्या मिस्त्रीला घरात पाऊल टाकू द्यायला ती तयार नाही, म्हणून म्हटलं, मीच करते. तुम्ही आणलेल्या ॲल्युमिनियमच्या काटकोनी पट्ट्या माळ्यावर तशाच होत्या. पाच निघाल्या. खिडकीच्या चार बाजूंना चार, एक जास्तीची.

"त्यांचा बिस्किटाचा डबा बघ न," आई म्हणाली. "आपल्या खिडकीचा कागद त्यात ठेवल्ता त्यांनी." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी डिप्लोमावाली. कोपरा म्हणजे नव्वद अंश, दोन पट्ट्या तिथं मिळायच्या तर प्रत्येकीचं टोक पंचेचाळीसात कापायचं, त्यात काय एवढं. तुमच्याच करवतीनं कापलं, कानस मारली, पट्ट्या कोपऱ्यात धरून बघितल्या. सांध्यात सोयाबीनचा दाणा जाईल एवढी फट! काटकोन तपासायचा तुमचा गुण्या लावला तेव्हा कळलं, कोपरा काटकोनात नव्हताच. उभी पट्टी लांब होती म्हणून वाचली, आडवी वाया गेली. आता चारच उरल्या, आणि अशा पट्ट्या हल्ली दुकानात मिळत नाहीत.

मंग मला तुम्ही काम घेतलेलं ते स्टेशनकडचं घर आठवलं. हे बघा, तुमची आठवण आली की जिभेवर 'मंग' येतंच. डिप्लोमाचं दुसरं वर्ष, सुट्टी, मी तुमचा जेवणाचा डबा घेऊन आलेय. तुम्ही एक जुनी लग्नपत्रिका खिडकीच्या कोपऱ्यात बसवून दोन्ही बाजूंनी नखानं दाबताय. घरमालकीण चहाचा कप घेऊन उभी आहे. आणि मी, तिच्यासमोर, मोठ्यानं म्हणते, "अण्णा, अंश मोजता येत नाहीत का तुम्हाला? कागदाचे खेळ कशाला?" मालकीण हसली. तुम्ही वर न बघता म्हणालात, "तुझं पुस्तक बराबर असंल बाई. पण हा कोपरा तू मोजला का? त्यो काय सांगून राह्यला ते बघावं लागतं. जल्दी नको करू." मला वाटलं होतं, चौथी शिकलेला माणूस, अंश कळत नाहीत म्हणून कागद दुमडतो. मला तुमची लाज वाटली होती, अण्णा.

आज फ्रिजवर पडलेली एक लग्नपत्रिका घेतली. कोपऱ्यात बसवली, दोन्ही कडा नखानं दाबल्या. मग एक कड दुसऱ्या कडेवर आणून मधोमध घडी घातली. एवढंच. आकडा नाही, भागाकार नाही. कोपरा कितीही वाकडा असो, घडी त्याचा बरोबर अर्धा करून हातात देते. मी ओट्याला टेकून उभी राहिले. ही पत्रिका काय करते ते मला वर्गात शिकवलं होतं, आकृती काढून मी मार्कही मिळवले होते. तुम्हाला कुणी शिकवलं होतं? या गावातली कुठली भिंत सरळ आहे? त्या शेकडो कोपऱ्यांतल्या प्रत्येकाला तुम्ही त्याचा त्याचा कागद दिलात, आणि तुमच्या सांध्यात कधी नखही शिरलं नाही.

घडीवरून पेन्सिलीनं रेघ मारली, सावकाश कापलं, सिलिकॉन लावून पट्ट्या बसवल्या. कोपऱ्यात पट्ट्या अशा मिळाल्या की मीच दोनदा बोट फिरवून बघितलं. प्रत्येक कोपऱ्याला वेगळी पत्रिका दुमडत चारही कोपरे होईपर्यंत दुपार झाली. आई आली, पट्टी बांधलेला हात त्या कडेवरून फिरवला, कोपऱ्यात अंगठा थांबवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सापडला म्हन की त्यांचा कागद."

मी "हो" म्हणाले.

तो डबा तुम्ही गेल्यावर महिन्याभरातच मी रद्दीवाल्यासमोर उपडा केला होता. आत दुमडलेले कागदच कागद, प्रत्येकावर पेन्सिलीनं कुठला कोपरा ते लिहिलेलं. 'आपली खिडकी, डावी' हा वरच होता. वाचला होता मी, अण्णा, आणि टाकला. रिकामा डबा अजून आहे. आजच्या चार घड्या त्यात ठेवल्या, हे पत्रही त्यांच्याखालीच ठेवते. आईला मात्र अजून सांगितलेलं नाही.