ताटावरून उठल्यावर

अण्णा, परवा विद्यापीठातून आलेल्या एका मॅडमनं मला विचारलं, राग आला की तुम्ही काय करता. मला आधी तुमची पाठ आठवली. भाकरी अर्धी मोडलेली, पितळीत कालवण तसंच, आणि तुम्ही चपला पायात सरकवत दाराबाहेर. तुम्ही मायवर कधी हात टाकला नाही. गल्लीतल्या बाकी घरांतून काय काय आवाज यायचे, आपल्या घरातून फक्त पितळी सरकवल्याचा यायचा, आणि मला त्याचा अभिमान होता. म्हणून मी मॅडमला छाती काढून सांगितलं, "मी हात उचलत न्हाई. ताटावरून उठतो आन बाहेर जातो, बस." त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो, त्यामुळं पुढचं तुम्हाला सांगावंच लागेल. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडलं. जालन्याला माझ्या वर्गात एक मुलगी होती, पिंपळगाव रेणुकाईकडची, चांगल्या जमीनजुमल्यावाल्या घरची. तिच्याबद्दल एकजण लॅबमध्ये घाण बोलला आणि मी त्याला स्टूल फेकून मारलं. प्राचार्य म्हणाले माफी लिहून दे, मी परीक्षेलाच बसलो नाही. मंग आम्ही रजिस्टर लग्न केलं. नंतर विहारात लागलं, तिथं माय आल्ती, मामा आल्ता, तिच्याकडून कोणीच नाही. तिच्या भावानं एवढाच निरोप धाडला की आमच्यासाठी ती मेली. फक्त अंबडची मावशी अधूनमधून फोन करते. आता मी बियाण्याच्या गोदामात माल चढवतो, आणि ती तिचं कॉलेज पूर्ण करून राह्यली.

तिच्याच कॉलेजात नोटीस लागली होती. नवरा-बायकोच्या नात्यावर विद्यापीठाचा अभ्यास आहे, नवीन लग्न झालेली जोडपी पाहिजेत. ती नको म्हणत होती, हट्ट मी धरला. मला वाटलं होतं तिथं काहीतरी निकाल लागेल. एवढ्या जोड्यांत आमची जोडी सगळ्यांत भारी निघेल, आणि मंग तिच्या भावाला दाखवता येईल की बघ, ह्या पोरानं कॉलेज सोडलं ते फुकट नाही सोडलं. इस्त्रीचा शर्ट घालून निघालो तर ती म्हणली, "तुम्ही काय पोरगी बघायला चालले का?" रस्ताभर हसत गेल्तो आम्ही.

आधी आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून प्रश्न विचारले. नंतर दोघांना एका खोलीत समोरासमोर बसवलं, बाजूला कॅमेरा लावला, आणि मॅडम म्हणाल्या, ज्या गोष्टीवरून तुमचं नेहमी बिनसतं तिच्यावर मोकळं बोला, आम्ही बाहेर थांबतो. मी म्हणणार होतो की आमचं बिनसतच नाही. ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली, मंग हळूच म्हणली, "तुम्ही ताटावरून उठून जात जाऊ नका." तिच्या माहेरी घरातला माणूस उपाशी उठला की बाया अन्नाला हात लावत नाहीत. आपल्याकडं मायचंही तेच होतं, पण ही शिकलेली पोरगी, हिचं असं काही असेल हे माझ्या ध्यानातच नव्हतं. "तुम्ही बाहेर उपाशी फिरता," ती म्हणली, "मंग माझ्या घशाखाली घास उतरत न्हाई. मी पण तशीच झोपते."

अण्णा, मला तिची इतकी माया आली. वाटलं, हिच्या जीवावरचं हे ओझं आत्ताच्या आत्ता उतरवून टाकावं. मी हसूनच बोललो. "अगं येडे, मी कुठं उपाशी राहतो? स्टँडवर जातो, भजी खातो, चहा पितो आन मंग येतो. तू उगाच जीवाला लावून घेते."

ती हसली नाही. "दरवेळी?" तिनं विचारलं. मी म्हणालो दरवेळी. "आन परत आल्यावर मी जेवा म्हणते तर भूक न्हाई म्हणता, ते?"  कॉलेजात ती मला तू म्हणायची, लग्नापासून तुम्ही म्हणते. त्या खोलीत, कॅमेऱ्यासमोर, ती परत तूवर आली. "तुला राग आला की उठून जायला स्टँड हाय. मला कुठंय? मी कोणाच्या दारात जाऊन खाऊ?"

तेवढ्यात मॅडमनी दार वाजवलं. आम्हाला चहा दिला, आणि काही महिन्यांनी परत बोलावू म्हणाल्या, दोघांनी मिळून या. निकाल वगैरे काही नसतो म्हणे.

तिथून घरी येताना मला केदारखेडा फाट्यावरचं हॉटेल दिसून राह्यलं होतं. मी लहान आहे. तुम्ही मिलमधली पाळी करून आलेले. कालवणात मीठ जास्त झालंय. तुम्ही पितळी सरकवता, उठता, आणि त्या दिवशी काय मनात येतं कुणास ठाऊक, माझं बोट धरता. हॉटेलात तुम्ही माझ्यापुढं भज्यांची प्लेट ठेवता, कढईतून नुकतीच काढलेली, वर तळलेल्या मिरच्या. असं तुम्ही मला आधी कधी काही घेऊन दिलेलं नाही. माझं तोंड तुमच्या रुमालानं पुसता आणि म्हणता, "मायला सांगू नको. तिला कळू दे जरा." मला ती आपल्या दोघांची गंमत वाटते. घरी माय चुलीपाशी तशीच बसलेली, टोपलं झाकलेलं. जेवता का विचारते. तुम्ही भूक न्हाई म्हणता, आणि तिनं माझ्याकडं बघितल्यावर मी पण तेच म्हणतो.

शेवटच्या दिवशीही तुम्ही सकाळी ताटावरून उठूनच मिलला गेल्ता, आणि संध्याकाळी तुम्हाला झाकूनच आणलं. गावाकडं माय अजून म्हणते, माझा माणूस उपाशी गेला. घरात काही गोड झालं की पहिला घास तोंडाशी नेऊन थांबते. तुमच्या पुण्यानुमोदनाला तो हॉटेलवाला माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, सकाळी माझ्याकडंच भजी खाऊन गेले हो, चांगले हसत होते. हे मी मायला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तिचा जीव हलका होईल, का ती उपाशी झोपली त्या सगळ्या राती तिच्या अंगावर येतील, मला काही ठरवता येत नाही.

परवा संध्याकाळी त्या कॅमेऱ्याच्या खोलीतून घरी आल्यावर माझ्या बायकोनं भाकरी केल्या, पिठलं केलं. एकच ताट वाढून घेतलं, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि जेवली. सावकाश, पोटभर. ताट घासून पालथं घातलं आणि पिशवी भरायला लागली. मी ओरडलो, दाराला लाथ घातली, मंग रडलो. तिनं पिशवीची चेन ओढली. म्हणली, "मी अंबडला मावशीकडं चालले. कायमची का न्हाई ते तुझ्यावर हाय. जेवलास तर जेवलो म्हण, उपाशी असला तर उपाशी म्हण. एवढं एक खरं बोलायला लागला की येते मी." आयुष्यात माझ्याकडं कोणी एवढं थोडं मागितलं नव्हतं.

तेव्हापासून मी काही खाल्लं नाही. ठरवूनच. मला खरोखरचं उपाशी राहून तिला सांगायचं होतं, म्हणजे ती पळत येईल. आज गोदामातून सुटल्यावर तिला आणायला म्हणून स्टँडवर आलो. अंबडची गाडी लागायची होती. समोरच्या हॉटेलात कढईतून भजी निघत होती. मी बसलो. दुसरी प्लेट चालू असताना तिचा फोन आला. मागं मावशीच्या घरातली भांडी वाजत होती, जेवायला बसायची वेळ असावी. तिनं विचारलं, "जेवलास का?" आवाज मऊ होता, पहिल्यासारखा.

अंबडची गाडी कधीच निघून गेली. मी स्टँडच्या बाकावर बियाण्याच्या रिकाम्या पाकिटांवर हे लिहून राह्यलो, आणि उठताना इथंच चुरगळून टाकणार आहे. मायला हे दाखवता येणार नाही आणि तिला तर नाहीच. तुम्हाला म्हणून सांगतो. तिनं विचारलं तेव्हा माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला आणि म्हणालो, "न्हाई." ती मंग फोन तसाच चालू ठेवून मावशीला म्हणली, "माझं ताट वाढू नको गं."

मी ते ऐकलं, अण्णा, आणि प्लेट संपवली.